10 टॅब आणि 40 पोरं : नऊ महिने वर्गात वापरल्यानंतर

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी-सहावीचा जोडवर्ग घेते. गेल्या जूनमध्ये वर्गात 10 टॅब, एक 43 इंची टीव्ही आणि एक छोटा ऑफलाइन सर्व्हर आला. पैसे माजी विद्यार्थ्यांनी गोळा केले, त्यातले बरेच जण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहेत. आता मार्च संपत आलाय. घ्यायच्या आधी मी लई शोधलं, पण जे सापडलं ते सगळं पहिल्या आठवड्यातलं, बॉक्स उघडल्याचे फोटो नाहीतर उद्घाटनाच्या नारळाचे. रोज वापरून पुढं काय होतंय ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितेय, आणि हे लांब होणार आहे.

आधी काय घेतलं ते सांगते. टॅब 8 इंची, साधे, एकेक साडेआठ हजाराच्या आसपास. सर्व्हर म्हंजे रास्पबेरी पाय 4 (पुढं नुसतं 'पाय' म्हणते), तळहाताएवढा कॉम्प्युटर, 4 जीबी रॅमवाला, त्याच्यावर कोलिब्री टाकलंय, म्हंजे धड्यांचे व्हिडिओ आणि सराव दाखवणारं सॉफ्टवेअर. कोलिब्री फुकट आहे आणि ते नेटशिवाय चालावं म्हणूनच बनवलंय, एकदा नेट असलेल्या ठिकाणी सामान उतरवून घ्यायचं आणि मग वर्गातल्या वायफायवरून सगळ्या टॅबवर दिसतं. आमच्याकडं पावसाळ्यात फोनला रेंज यायला कंपाउंडच्या कोपऱ्यात जावं लागतं, त्यामुळं नेटवर चालणारं काहीही आमच्या कामाचं नव्हतं. बालभारतीच्या पुस्तकात धड्याला क्यूआर कोड असतात, स्कॅन केलं की दीक्षा या सरकारी ॲपवर व्हिडिओ उघडतो, आणि पुस्तकात क्यूआर आणायची सुरुवात तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी आपल्यासारख्याच जिल्हा परिषद शाळेतून केली, 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. कल्पना मला मनापासून पटलेली आहे. पण स्कॅन केल्यावर गोल गोल फिरत राहिलं तर पोरं दोन मिनिटांत खिडकीबाहेर बघतात.

पहिला दणका वायफायचा. पायचं स्वतःचं वायफाय 10 टॅबना एकदम व्हिडिओ द्यायला लागलं की अडकायचं. घरचा जुना राउटर आणून मधे जोडला, त्याला नेट नाही, सिम नाही, फक्त टॅब आणि सर्व्हर एकमेकांना जोडायला, तेव्हापासून प्रश्न मिटला. दुसरा दणका लाइटीचा. जुलैत लाइट ये-जा करत होती आणि चालू पायची वीज अचानक गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं, ते झालंच. सगळं पहिल्यापासून. त्याच आठवड्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटाच्या, म्हंजे इशाऱ्याच्या, वर गेली, गगनबावडा रोडवर पाणी आलं, शाळा बंद, तेव्हा मी पाय घरी कोल्हापुरात आणून रात्री बसून परत सगळं उतरवलं. यावेळी कार्डाऐवजी एसएसडी, म्हंजे कार्डापेक्षा दणकट डिस्क लावली आणि राउटरला लावतात तसली छोटी बॅटरी यूपीएस घेतली, पायला 5 व्होल्ट 3 अँपिअर लागतं तेवढं देणारी बघून. ऑगस्टपासून आजपर्यंत एकदाही बंद पडलेलं नाही. कुणी घेणार असाल तर हे दोन खर्च पहिल्या दिवशीच धरा, टॅब एक कमी घ्या पण हे घ्या.

टीव्हीबरोबर दुकानदारानं एक स्मार्ट क्लासचं सॉफ्टवेअर गळ्यात मारलं होतं, 15 हजाराचं, सगळा सिलॅबस आत आहे म्हणून. फेब्रुवारीत एक दिवस उघडलं तर लायसन्स संपलं अशी पाटी. बिलावर एक वर्ष लिहिलंय, मोजलं तर आठ महिने. फोन केला की उद्या बघतो म्हणतात. कंपनीचं नाव घेत नाही, पण कुणाच्या तरी ओव्हरटाइमच्या पगारातले 15 हजार होते ते, आणि मला त्याचा राग आहे. टीव्ही चांगला आहे, पेन ड्राइव्ह लावून मस्त चालतो.

आता जे खरं सांगायचंय ते. 

पहिले पाच आठवडे मला वाटत होतं की फार छान चाललंय. तेव्हा पटावर 34 पोरं, 10 टॅब, तीन-चार जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक टॅब. वर्ग शांत, सगळी माना खाली घालून बघतायत, साहेब भेटीला आले तेही खूश. मग एके दिवशी मी मागं बसून वह्या तपासत होते आणि सहज वर बघितलं तर एका गटात टॅब एका पोराच्या मांडीवर, दुसरा त्याच्या खांद्यावरून बोट घालतोय, आणि दोन पोरी त्या दोघांच्या पाठीकडं बघत बसलेल्या. मी पाच मिनिटांनी परत बघितलं, तसंच. दहा मिनिटांनी, तसंच.

दुसऱ्या दिवसापासून मी हजेरीच्या जुन्या वहीत एक पान केलं. दर पाच मिनिटांनी वर बघायचं आणि स्क्रीनवर ज्याचं बोट असेल त्याच्या नावापुढं एक खूण. आठवडाभर कुणाला काही बोलले नाही, फक्त खुणा. शनिवारी मोजल्या. सहा पोरांच्या नावापुढं निम्म्याहून जास्त खुणा. 11 जणांच्या नावापुढं एकही नाही. एकही. त्या 11 मधे आठ पोरी, एक डोंगरावरच्या धनगरवाड्यावरनं येणारा, आणि बाकी दोन अशी की जी वर्गात कधीच काही मागत नाहीत. आठवडाभर टॅब त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी साहेबांना 'सगळी मुलं टॅब वापरतात' असं लिहून दिलं होतं.

आणि कोलिब्रीच्या रिपोर्टनं मला आणखी चकवलं होतं, चूक त्याची नाही, आमच्या वापराची. एका गप्प पोरीच्या नावावर अपूर्णांकाचे सगळे सराव पूर्ण, हिरवे. मी तिला कौतुकानं फळ्याजवळ बोलावलं, 1/2 आणि 1/3 मधलं मोठं कुठलं विचारलं, तिनं 1/3 ला गोल केला. तीन मोठं म्हणून. लॉगिन तिच्या नावाचं होतं, बोटं दुसऱ्याची होती.

मग सगळं बदललं. गट बंद, जोड्या. चाळीस मिनिटांच्या तासाला 20 पोरं टॅबवर आणि बाकीची टीव्हीवर नाहीतर वहीत, पुढच्या तासाला उलट. जोडीत 20 मिनिटं एकाचं लॉगिन, घंटी वाजली की लॉगआउट, टॅब हाताबदल, दुसऱ्याचं लॉगिन. ज्याच्या हातात टॅब नाही त्यानं वहीत पायऱ्या लिहायच्या आणि तोंडानं सांगायचं, पण बोट लावायचं नाही. कोलिब्रीत लहान पोरांना पासवर्डशिवाय नुसत्या नावानं आत जाता येतं, ती सेटिंग मी चालू केली, त्यामुळं हाताबदलाला मिनिटभर लागतंय. आठवड्याला चार तास, म्हणजे पोरामागं हातात 40 मिनिटं. कमी वाटेल, मलाही वाटलं. पण आधी 11 जणांना शून्य होतं.

वही तशीच चालू ठेवली. आता खुणा दोन-दोन पोरं करतात, पाळीपाळीनं सगळ्यांचा नंबर येतो, आणि शनिवारी मी वाचून दाखवते. पहिल्या वाचनाला एक पोरगा रडवेला झाला कारण त्याच्या खुणा कमी झाल्या होत्या, आधी त्याचं राज्य होतं ना. त्याला मी हाताबदलाची घंटी दिली. आजतागायत एक सेकंद इकडंतिकडं करत नाही तो.

हेडफोनचं सांगते कारण ही गोष्ट कुणी सांगत नाही. 10 टॅबचा आवाज एका खोलीत म्हणजे बाजार. पहिल्यांदा मी सांगितलं घरून इअरफोन आणा, आणि ज्यांच्या घरात होते ती आणून बसली, नव्हते ती ऐकू न येता बसली, आणि एका पोरीनं आईकडं हट्ट केला म्हणून तिची आई दोन दिवसांच्या मजुरीतून आणायला निघाली होती, ते कळल्यावर मी तो नियम त्याच दिवशी मागं घेतला. आता शाळेचे 20 हेडफोन आहेत, 120 रुपयेवाले, कानावर बसणारे, कानात घालायचे नाहीत कारण एकाचे दुसऱ्याला नको. आणि 10 स्प्लिटर, म्हणजे एका टॅबला दोघांचे हेडफोन लागतात, 40-50 रुपयाला मिळतात. जोडीतल्या दोघांना ऐकू येतं. अख्ख्या खरेदीत सगळ्यात भारी वस्तू कुठली विचाराल तर मी स्प्लिटर सांगेन.

सामान कुठलं चाललं? गणिताला आणि विज्ञानाला फेटचे खेळ, कोलोरॅडो विद्यापीठानं बनवलेले, त्यातले बरेच मराठीत आहेत आणि उतरवून घेतले की नेट लागत नाही. अपूर्णांकाच्या खेळात गोल किंवा पट्टी कापून तुकडे डब्यात टाकायचे असतात, ती जी 1/3 मोठं म्हणाली होती तिनं तिथं चार दिवस तुकडे कापले आणि पाचव्या दिवशी आपणहून येऊन म्हणाली, "बाई, खाली आकडा मोठा झाला की तुकडा बारीक होतोय." छेद शब्द तिला नंतर सांगितला. सर्किटच्या खेळात पोरांनी बल्ब जोडले, मग आम्ही खरे सेल आणि वायर घेऊन तेच केलं. टॅबवर आधी केल्यामुळं पोरी पुढं आल्या, कारण तिथं काही जळत नाही, कुणी ओरडत नाही. मराठी विकिपीडिया पण किविक्स नावाच्या ॲपनं उतरवून ठेवलाय, पोरं त्यात गावाचं नाव शोधत बसतात. एकूण बघाल तर मराठीतलं सामान इंग्रजी-हिंदीच्या मानानं कमी आहे, म्हणून मी फोनवर स्वतःच 14 छोटे व्हिडिओ केले, आपल्या बोलीत, 'हिकडचं तिकडं नेलं' असं म्हणत. पोरं तेच परत परत लावतात. हे सगळं सुट्टीच्या रात्री घरच्या नेटवर चढवते आणि सोमवारी पाय डब्याच्या पिशवीतून शाळेत नेते.

नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शिवारात खोपी पडतात, बीडकडची माणसं, आणि आमच्या पटावर दरवर्षी पाच-सहा पोरं वाढतात, यंदा सहा. काहींजवळ शिक्षण हमी कार्ड होतं, म्हंजे गाव सोडून जाणाऱ्या पोराला नव्या शाळेत दाखवायला देतात ते, काहींजवळ काहीच नाही, तरी वयाप्रमाणं वर्गात घ्यायचंच असतं. मी लगेच सहा लॉगिन केली, जोड्या लावल्या, मला वाटलं झालं. तीन आठवड्यांनी वही बघितली तर त्यांच्यापुढं खुणा जवळजवळ नाहीत. कारण काय, तर टॅबचा तास 11 वाजता आणि ती पोरं शाळेत येतात 12 नंतर. आईबाप पहाटे उसाच्या थळात जातात, लहान भावंडाला सांभाळून, पाणी भरून मगच ही निघतात. त्यांना कुणी अडवलं नव्हतं, वेळापत्रकानंच बाहेर ठेवलं होतं, आणि ते वेळापत्रक मी केलेलं होतं. टॅबचा तास पोषण आहाराच्या नंतर घेतला. एवढंच केलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांच्या खुणा बाकीच्यांच्या बरोबरीला. त्यातला एक पोरगा तर धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसतो, ती झोपलेली असते आणि हा भागाकार करत असतो.

एक पोरगी आहे तिला खूप कमी दिसतं. चष्म्यानंही फळा दिसत नाही, आजवर ती शेजारणीचं बघून लिहायची. टॅबमधे ॲक्सेसिबिलिटीत मॅग्निफिकेशन म्हणून आहे, तीनदा टॅप केलं की स्क्रीन मोठी होते, आणि मराठीत वाचून दाखवणारा आवाज पण चालू करता येतो. तिला मी टॅब एकटीला दिला, जोडीशिवाय, रोजच्या रोज, आणि फळ्याचा फोटो काढायची परवानगी. यावर वर्गात कुरकुर झाली, "बाई, तिलाच का एकटीला?" मी चार-पाच जणांच्या डोळ्यांपुढं बटर पेपर धरला आणि फळा वाचायला सांगितला. परत कुणी विचारलं नाही. तिच्या खुणा बाकीच्यांच्या तिप्पट आहेत आणि त्या तशाच राहणार आहेत.

आता घरचा अभ्यास. आधी आम्ही सगळेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो. माझ्या वर्गात 34 पैकी 31 घरांत स्मार्टफोन आहे, मग अडचण कसली, असं मीच म्हणायचे. सप्टेंबरात एकेकाला शांतपणे विचारलं, संध्याकाळी फोन तुझ्या हातात येतो का? 13 जण हो म्हणाले. बाकीच्यांचा फोन बापाबरोबर सेकंड शिफ्टला असतो, नाहीतर मोठ्या भावाकडं. असर म्हणून प्रथम संस्थेचं गावागावातल्या शिक्षणाचं सर्वेक्षण असतं, त्याच्या 2021 च्या अहवालात हेच देशभराचं दिसतं, ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या 67.6 टक्के पोरांच्या घरांत स्मार्टफोन, पण त्या घरांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या पोरांना तो वापरायला मिळतच नाही. आणि 2023 चा अहवाल 14 ते 18 वयाचा, त्यात फोन वापरता येणाऱ्यांमधे स्वतःचा फोन असलेले मुलगे 43.7 टक्के आणि मुली 19.8. माझ्या पोरी अजून 11-12 वर्षांच्या आहेत, तिकडंच निघाल्यात. ग्रुपवरचा अभ्यास मी बंद केला, आता जे द्यायचं ते वहीतच.

त्याऐवजी डिसेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस शाळा सुटल्यावर सव्वासहापर्यंत वर्ग उघडा ठेवतो. टॅब, टीव्ही, लाइट, बास. गावातलीच बी.ए. करणारी एक पोरगी येऊन बसते. भावंडं आणली तरी चालतात. रोज 15-18 पोरं येतात आणि त्यात पोरी जास्त, कारण शाळेत जाते म्हटल्यावर घरचं कुणी नाही म्हणत नाही. कोल्हापुरात हे नवीन सांगायला नको, शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, पण त्याच्याही आधी 1901 पासून बोर्डिंगं काढायला लागले होते, कारण शिकायला येणाऱ्या पोरानं रात्री टेकायचं कुठं हे त्यांनी आधी बघितलं.

टिकाऊपणाचं थोडक्यात. 10 पैकी आठ टॅब ठणठणीत. एकाचं चार्जिंग पोर्ट गेलं, शहरातल्या सर्व्हिस सेंटरला दिला तर पाच आठवड्यांनी परत आला आणि आतलं सगळं पुसून. एक पडून स्क्रीन गेली, ज्याच्या हातून पडला त्याच्या घरी काही कळवलं नाही, आणि हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे की पडला तर कुणी भरून मागणार नाही, नाहीतर गरिबाघरची पोरं हातच लावत नाहीत, त्या 11 मधल्या दोघांनी मला नंतर हेच सांगितलं, "फुटला तर बाबा मारतील म्हणून". रबरी कव्हर आणि काच पहिल्या दिवशी. चार्जिंगला 10 पोर्टवाला एकच चार्जर, लोखंडी कपाटात वायर आत घेऊन. ॲप पिन करून, म्हंजे स्क्रीनवर एकच ॲप अडकवून ठेवलं की पोरं त्यातून बाहेर जात नाहीत.

माझ्याकडून पाच पैकी साडेतीन स्टार टॅबला, कोलिब्रीला पाच, टीव्हीला चार, त्या सॉफ्टवेअरला शून्य. निकाल चांगला लागला का असं विचारतात, चाचणीत अपूर्णांकाला सुधारणा आहे, वाचनात मला टॅबमुळं फार फरक दिसला नाही, तिथं अजूनही गोष्टीचं पुस्तक घेऊन शेजारी बसावंच लागतं.

टोळी गेल्या आठवड्यात परत गेली. सहाही पोरांबरोबर मी एक कागद दिलाय, कुठला धडा कुठपर्यंत झाला, काय येतं, कुठं अडतं, तिकडच्या बाईंसाठी किंवा सरांसाठी. लॉगिन मी काढलेली नाहीत.

माजी विद्यार्थी जूनमधे अजून 10 टॅब द्यायचं म्हणतायत. मी त्यांना कळवलंय की टॅब नकोत, दोन टॅबच्या बॅटऱ्या उतरायला लागल्यात त्या बदलून द्या, एक जास्तीची एसएसडी द्या, आणि संध्याकाळी बसणाऱ्या त्या पोरीला वर्षभराचं मानधन द्या, म्हणजे आठवड्याचे पाचही दिवस वर्ग उघडा ठेवता येईल. मानधनाच्या पाटीवर देणाऱ्याचं नाव लावता येत नाही अशी त्यांची अडचण आहे, मी म्हटलं वर्गाच्या दारावर लावू. त्यांचं उत्तर अजून यायचंय.